मृगाच्या तोंडावर सूर्यावरचा तीळ



बीड जिल्ह्याचे नाव निघाले की बाहेरच्या माणसाच्या तोंडी दोनच गोष्टी येतात. एक दुष्काळ आणि दुसरी ऊसतोड. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्या कोणी नाकारू नयेत. पण या जिल्ह्याजवळ तिसरीही एक गोष्ट आहे. ती म्हणजे इथले आकाश. पाऊस कमी म्हणून आभाळ मोकळे आणि गावे विरळ म्हणून अंधार दाट. गेवराईच्या गोदाकाठापासून पाटोद्याच्या माळापर्यंत आणि मांजरसुंब्याच्या घाटापासून अंबाजोगाईच्या डोंगरापर्यंत कुठेही रात्री खाट टाका, शहरातल्या माणसाला पैसे मोजूनही दिसणार नाहीत इतक्या चांदण्या फुकट दिसतात.

आज आपण हा जिल्हा नेहमीसारखा जमिनीकडे पाहत नव्हे, वर पाहत फिरू या.

सुरुवात राक्षसभुवनापासून करू. गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठी हे गाव आहे. इतिहासाच्या पुस्तकात ते १७६३ सालच्या लढाईमुळे आले. थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा इथे पराभव केला. पण आपल्या लोकांना ते ठाऊक आहे शनीच्या देवस्थानामुळे. शनी अमावास्येला इथे गर्दी उसळते. गोदेत स्नान करायचे, तेल वाहायचे, साडेसाती हलकी कर म्हणायचे आणि घरी यायचे. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचे नाही. मी एवढेच विचारतो, की इथे येणाऱ्यांपैकी किती जणांनी खुद्द शनी पाहिला आहे? तो आकाशात आहे. फिकट पिवळसर, न लुकलुकणारा, संथ चालीचा. लहानशा दुर्बिणीतूनही त्याच्याभोवतीचे कडे दिसते आणि ते पाहिल्यावर भीती वाटण्याऐवजी माणूस खुळ्यासारखा पाहतच राहतो.

माजलगावच्या बाजूने गोदावरी ओलांडली की परभणी जिल्ह्यातले पाथरी लागते. जुने लोक त्याला पार्थपूर म्हणत. तिथे ज्ञानराज नावाचे ज्योतिषी होऊन गेले. १५०३ च्या सुमारास त्यांनी ‘सिद्धान्तसुंदर’ हा ग्रंथ लिहिला. ग्रह कुठे असतील, ग्रहण केव्हा लागेल, याचे गणित त्यात आहे. म्हणजे ग्रहांचा हिशेब मांडणे ही काही साहेबाने आणलेली विद्या नव्हे. पाचशे वर्षांपूर्वी ती आपल्या शेजारी, नदीच्या पलीकडे नांदत होती.

आता मूळ विषयाकडे येतो. शुक्र आणि बुध हे दोन ग्रह पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधल्या वाटेने फिरतात. कधी तरी ते नेमके सूर्याच्या तोंडासमोरून जातात. तेव्हा सूर्याच्या तबकडीवरून एक काळा ठिपका सरकताना दिसतो. याला अधिक्रमण म्हणतात. सूर्य म्हणजे ताटाएवढी भाकरी धरली, तर शुक्र तिच्यावर तुरीच्या दाण्याएवढा दिसेल आणि बुध राजगिऱ्याच्या दाण्याएवढा. बुधाचे अधिक्रमण शंभर वर्षांत तेरा-चौदा वेळा होते. शुक्राचे मात्र फार दुर्मीळ. आठ वर्षांच्या अंतराने दोनदा होते आणि मग शंभराहून अधिक वर्षे होत नाही. १८७४ आणि १८८२ ही एक जोडी झाली. त्यानंतरची २००४ आणि २०१२ साली. आता पुढचे डिसेंबर २११७ मध्ये.

या शेवटच्या जोडीत आपल्यासाठी एक गंमत होती. पहिले अधिक्रमण ८ जून २००४ रोजी झाले आणि दुसरे ६ जून २०१२ रोजी. हे दिवस कोणते? मृगाच्या तोंडावरचे! मृग निघाला, असे आपण म्हणतो तेव्हा सूर्य मृग नक्षत्राच्या भागात आलेला असतो. म्हणून तर पावसाळ्यात मृगाचे तारे दिसत नाहीत. ते सूर्याबरोबर दिवसा उगवतात. तेच मृग तुम्ही थंडीत रात्रीच्या लाइटीवर गव्हाला पाणी द्यायला जाता तेव्हा डोक्यावर असते. पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि मागे चकाकणारा व्याध. शुक्राची वाट आणि पृथ्वीची वाट आकाशात दोनच ठिकाणी एकमेकींना छेदतात. त्यातल्या एका ठिकाणासमोर पृथ्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात येते आणि दुसऱ्यासमोर डिसेंबरात. म्हणून शुक्र सूर्यावरून जायचा तर याच दिवसांत. आपण चाड्यावर मूठ धरण्यासाठी आभाळाकडे पाहत असतो, त्याच दिवसांत जगभरचे शास्त्रज्ञही सूर्याकडे पाहत होते.

८ जून २००४ रोजी मी गेवराई तालुक्यातल्या एका गावी बियाण्याच्या उगवणक्षमतेची माहिती द्यायला गेलो होतो. शाळेच्या कपाटात दोन नळ्यांची दुर्बीण होती. मास्तरांनी आणि मी ती खुर्चीला बांधली, एका नळीवर टोपण लावले आणि दुसरीतून येणारे सूर्याचे बिंब खोक्यात ठेवलेल्या पांढऱ्या कागदावर पाडले. पावणेअकरा वाजून गेल्यावर बिंबाच्या कडेला एक खाच पडली. थोड्या वेळाने ती गोल, काळी कुळकुळीत टिकली झाली.

पारावरची माणसे जमली. एक आबा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “साहेब, आता सूर्याला बी कीड लागली म्हणायची का? हिच्यावर कोणतं औषध मारावं?”

सगळे हसले. मी म्हटले, “आबा, ही कीड नाही. पहाटे मोटेवर जाताना तुम्ही शुक्राची चांदणी बघत होता ना, तीच आहे ही.”

“चांदणी? आन् काळी?”

“कंदिलासमोर पाखरू आलं की काळंच दिसतं.”

आबा विचारात पडले. मग म्हणाले, “म्हणजे हिला स्वतःचा उजेड न्हाई. रोज चमकती ती सूर्याच्या उसनवारीवर.”

मी चकित झालो. शुक्राला स्वतःचा प्रकाश नाही, ही गोष्ट पुस्तकात वाचून आम्ही परीक्षेत लिहिली होती. आबांनी ती कागदावरच्या टिकलीवरून ताडली. कोणी तरी मागून बोलले, “मृगाच्या तोंडावर उसनवारी कुणाला चुकली, आबा!”

एका आजींनी काळजीने विचारले, की सून पोटुशी आहे, तिला घरात कोंडून ठेवावे का? मी सांगितले, “आजी, सुनेला काही होत नाही. तिलाही बोलवा आणि कागदावर पाहू द्या. जपायचे ते फक्त डोळ्यांना.” सून आली. तिनेही पाहिले. संध्याकाळी पाच वाजायच्या आत टिकली सूर्याबाहेर निघून गेली. ती पाहायला कोणाला शहरात जावे लागले नाही.

या ठिपक्यासाठी माणसांनी काय सोसले आहे ते ऐका. एडमंड हॅले या इंग्रज ज्योतिर्विदाने सांगून ठेवले होते, की शुक्राचे अधिक्रमण पृथ्वीवर लांब लांबच्या ठिकाणांहून पाहून वेळा मोजल्या, तर सूर्याचे अंतर काढता येईल. मोजणीदार नदी न ओलांडता या काठावर दोन खुंट्या रोवून तिची रुंदी काढतो, तशीच ही रीत. याच रीतीने पुढे सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे हे उमगत गेले. त्यासाठी ल जांती नावाचा फ्रेंच ज्योतिर्विद १७६० साली भारताकडे निघाला. त्याला पाँडिचेरी गाठायची होती. पण ती इंग्रजांनी घेतल्यामुळे त्याला उतरता आले नाही. १७६१ सालचे अधिक्रमण त्याने हलत्या जहाजावरून पाहिले. तिथे मोजमाप होईना. पुढचे आठ वर्षांनी होते. हा माणूस घरी गेलाच नाही. आठ वर्षे इकडेच काढली आणि १७६९ साली पाँडिचेरीत दुर्बीण लावून बसला. नेमक्या त्या सकाळी सूर्य ढगाआड गेला. तो बाहेर आला तेव्हा अधिक्रमण संपले होते. १७७१ साली तो मायदेशी पोचला, तर तो मेला असे समजून वारसांनी त्याची मालमत्ता वाटून घेण्याचे चालवले होते!

शहरातले लोक ही गोष्ट ऐकून हसतात. आपल्याला हसू येत नाही. पेरून आभाळाकडे पाहत बसणे म्हणजे काय, ते आपल्याला माहीत आहे. त्याला मोकळे आभाळ हवे होते, आपल्याला भरलेले हवे असते. एवढाच काय तो फरक.

२०१२ साली शुक्र पुन्हा आला. सूर्य उगवला तेव्हाच तो बिंबावर होता आणि साडेदहाच्या आत निघून गेला. ते वर्ष मराठवाड्याला दुष्काळाचे गेले. मग ९ मे २०१६ रोजी बुधाचे अधिक्रमण झाले. आपल्याकडे पावणेपाचच्या सुमारास सुरू झाले आणि मावळत्या सूर्याबरोबर क्षितिजाआड गेले. त्या उन्हाळ्यात आपली जनावरे चारा छावणीत होती आणि लातूरला आगगाडीने पाणी येत होते. त्या संध्याकाळी आपल्या माथ्यावर आभाळातला एक दुर्मीळ सोहळा चालू होता. छावणीत माणसे होती, मुले होती, रिकामा वेळही होता. पण तिथे दुर्बीण कोण नेणार? बुध इतका लहान, की दुर्बिणीवाचून तो दिसत नाही.

माझे म्हणणे इथेच आहे. आकाश सर्वांना सारखे वाटून दिलेले आहे, पण ते दाखवणारी साधने शहरात साठली आहेत. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे. मुंबईत नेहरू तारांगण १९७७ साली उघडले. आपल्या मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरला महात्मा गांधी मिशनचे खगोल अंतराळ विज्ञान केंद्र आहे. अशा संस्था ग्रहणाच्या, अधिक्रमणाच्या वेळी लोकांना आकाश दाखवतात. त्यांनी दुर्बीण आपल्या गावी आणावी, असे आपण त्यांना बोलावले पाहिजे. शेतीच्या प्रात्यक्षिकासाठी बांधावर माणूस बोलावतो, तसेच हे.

बोलवायला तारीखही ठरलेली आहे. शनिवार, १३ नोव्हेंबर २०३२. त्या दिवशी दुपारी सव्वाबाराच्या सुमारास बुध सूर्याच्या बिंबावर येईल आणि साडेचार वाजून गेल्यावर उतरेल. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळे आपल्याकडून दिसण्याजोगे आहे. दिवाळी आटोपलेली असेल, कार्तिकी एकादशीच्या आसपासचा दिवस असेल, ज्वारी रानात डोलत असेल आणि आभाळ बहुधा निरभ्र असेल.

पण त्याच दिवसांत आपल्या जिल्ह्यातले कोयते कारखान्यांवर गेलेले असतात. आईबापांबरोबर मुलेही कोपीत राहायला जातात. गावच्या शाळेत दुर्बीण आली, तरी ही मुले तिथे नसतील. म्हणून शिक्षकांनी, सरपंचांनी, मुकादमांनी आतापासून लक्षात ठेवावे, की दोन दुर्बिणी हव्यात. एक गावात आणि एक कारखान्याच्या तळावर. मूल हंगामी वसतिगृहात गावीच राहिले आणि शाळेत टिकले, तर त्याहून चांगले. उसाच्या फडात वाढलेल्या पोराने बुध पाहिला, तर उद्या तेच पोर ज्ञानराजांची विद्या पुढे नेणार नाही कशावरून?

जाता जाता कामाच्या गोष्टी सांगतो, त्या घरातल्या सर्वांना वाचून दाखवा.

सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी कधीही पाहू नये. काजळी धरलेली काच, जुनी फिल्म, क्ष-किरणाचा फोटो, पाण्यातले प्रतिबिंब, यांतले काहीही सुरक्षित नाही. वेल्डिंगची काच चालते, पण ती १४ नंबरचीच. गावच्या वेल्डरजवळची काच बहुधा त्याहून फिकी असते. दुर्बिणीला डोळा लावून सूर्याकडे पाहिले तर डोळा क्षणात जातो आणि दुखतही नाही, म्हणून कळतही नाही. दुर्बिणीतून बिंब पांढऱ्या कागदावर पाडावे आणि कागदाकडे पाहावे. १६३९ साली इंग्लंडात होरॉक्स या तरुणाने शुक्राचे अधिक्रमण पहिल्यांदा पाहिले, तेही असेच कागदावर. दुर्बिणीजवळ एक जाणते माणूस कायम उभे ठेवावे. मधून मधून ती सूर्यावरून वळवून थंड होऊ द्यावी.

आणि तोवर थांबायचीही गरज नाही. आज रात्री जेवणे झाली की मुलांना घेऊन अंगणात या. दिवा घालवा. शुक्र सांजेला पश्चिमेकडे आहे की पहाटे पूर्वेकडे, ते दोघांनी मिळून शोधा. पंचांगात ग्रहांची नावे असतात, ती आकाशातल्या ठिपक्यांशी जुळवून पाहा. येत्या वर्षी शाळेच्या सभेत दुर्बिणीचा विषय काढा, वर्गणी थोडी पडली तरी चालेल. घराच्या तुळईवर नाही तर कोठीच्या दारावर खडूने तेवढी तारीख लिहून ठेवा: १३ नोव्हेंबर २०३२. ती हुकली, तर पुढची संधी ७ नोव्हेंबर २०३९ ला आहे. पण आज दहा वर्षांचे असलेले पोर तोवर बांधावर तुमच्या जागी उभे असेल.