आधी आपण, मग नातवंडे

वाचकहो, तुमच्या घरात सहा-सात वर्षांचे मूल असेल तर ही हकिकत जरूर वाचा. ती माझ्याच घरची आहे आणि तिच्यातली चूकही माझीच आहे.

आमचे गाव सातारा जिल्ह्यातले, जुन्या औंध संस्थानातले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालीत आणि संस्थानच्या शाळांतून मुलांकडूनही घालून घेत. माझे वडील तशाच शाळेत शिकले. म्हातारपणीही त्यांचे पहाटेचे नमस्कार चुकले नाहीत. आम्हा भावंडांनाही ते उठवीत, पण हातात छडी घेऊन. मग व्हायचे तेच झाले. वडील थकले आणि आमचे नमस्कार सुटले. शेतीचा व्याप वाढला, सोबतीला तंबाखूची चंची आली. "दिवसभर रानात राबतो, आणखी व्यायाम कशाला?" असे मीच लोकांना विचारी.

नातू पहिलीत गेला, त्या जूनमधली गोष्ट. २०१५ पासून २१ जूनला योगदिन होतो, तसा त्याच्या शाळेतही झाला. चार दिवस पोराने घरभर ताडासन करून दाखवले. पाचव्या दिवसापासून पुन्हा मोबाइल घेऊन कोपऱ्यात. मी ओट्यावर बसल्या बसल्या हुकूम सोडी, "ऊठ, पाच नमस्कार घाल."

एके सकाळी असाच हुकूम सोडला. पोराने अंगणातला सुका पाला उचलला, तळहातावर घेऊन अंगठ्याने मळला, वर दोन टाळ्या मारल्या, ओठाखाली धरल्यासारखे केले आणि म्हणाला, "थांबा आबा, बार भरतो, मग घालतो."

सगळे हसले. सूनबाई तेवढी हसली नाही. "आबा, ते तुमचंच बघून शिकतंय," एवढेच ती म्हणाली. त्या रात्री मला झोप लागली नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

दुसऱ्या दिवशी चंची उकिरड्यात टाकली. तल्लफ येई. दोनदा नेम मोडलाही, खोटे कशाला सांगू? पण पोराचे डोळे माझ्यावर होते, म्हणून पुन्हा धरला.

ओसरीवर सतरंजी अंथरून आम्ही दोघे उभे राहू लागलो. धाकटी नातही येऊन मिळाली. मुलांना आसने शिकवायला त्यांच्या ओळखीची जनावरे फार उपयोगी पडतात. मांजर पाठ कशी वर काढते? ते मार्जारासन. नाग फणा कसा काढतो? ते भुजंगासन. ससा कसा बसतो? ते शशकासन. एका पायावर झाड होऊन उभे राहायचे, कोण आधी डुलतो ते बघायचे. यात दहा-पंधरा मिनिटे जातात, आणि तेवढी पुरेत.

खुरपणीत आपली पाठ दिवसभर पुढेच वाकलेली असते. तिला भुजंगासनात मागे वळताना किती बरे वाटते, ते मला या वयात कळले. राबणे वेगळे आणि अंग सगळीकडून मोकळे करणे वेगळे.

काही गोष्टी मात्र सांभाळा. आसने रिकाम्या पोटी करावीत. जेवल्यावर फक्त वज्रासनात बसावे. अंगाला हिसका देऊ नये. लहान मुलांना श्वास कोंडायला लावू नये, डोक्यावर उभे करू नये. दुखले की तिथेच थांबावे. मूल आजारी असेल किंवा त्याला काही जुने दुखणे असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. आणि ज्या दिवशी मूल नको म्हणेल, त्या दिवशी छडी काढू नये. आपण आपले करीत राहावे. थोड्या वेळाने ते आपोआप शेजारी येऊन उभे राहते.

आसनांनी सगळे रोग पळतात असे मी म्हणणार नाही. पण सकाळी लवकर उठायचे म्हणून पोरे रात्री वेळेवर झोपू लागली. परसाकडे जाणे, दात घासणे, आंघोळ, सगळे शाळेच्या आधी उरकू लागले. एक चांगली सवय दुसरीला बोट धरून घरात आणते.

परवा मला उठायला उशीर झाला. नातू उशाशी येऊन म्हणाला, "आबा, उठा, सतरंजी टाकलीय." वडिलांच्या छडीने जे झाले नाही, ते त्या हाकेने झाले.

वाचकहो, मुलांना सांगण्याआधी एक सतरंजी आपल्यासाठी अंथरा. आज रात्रीच काढून ठेवा.