कपाटाची किल्ली

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज जमलं. गोष्ट २०२४ सालातली आहे, पण माझ्या डोक्यातून काही जात नाही.

नेहमी वाचणाऱ्यांना माहीत आहे की, आमच्या पुनावळ्यात मी संध्याकाळी काही मुलांचा अभ्यास घेते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सतरंजी टाकायची, आधी गृहपाठ आणि मग अर्धा तास इतिहास. जन्मभर तोच विषय शिकवला, दुसरं काय येणार! मुलांच्या आया आमच्याच बिल्डिंगमध्ये धुणीभांडी करतात, वडील सेंट्रिंगच्या कामावर नाहीतर वॉचमन. कोणी नांदेडचं, कोणी परभणीचं. पुनावळे १९९७ साली महापालिकेत आलं. आता हायवेच्या कडेला बघावं तिकडे टॉवर, आणि टॉवर बांधणाऱ्यांच्या पत्र्याच्या खोल्या.

त्या फेब्रुवारीत मी मुलांना धारवाडची गोष्ट सांगत होते. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. साल १८५६. एक महार मुलगा सरकारी शाळेत नाव घालायला गेला. फी भरायची त्याची तयारी होती, तरी त्याला घेतलं नाही. तो गप्प बसला नाही, त्याने थेट मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारचं उत्तर मोठं मासलेवाईक होतं. न्याय तुझ्या बाजूने आहे हे मान्य, पण तुझ्या एकट्यासाठी बाकीच्यांना दुखवता येत नाही, अशा अर्थाचं. प्रकरण लंडनला कंपनीच्या संचालकांपर्यंत गेलं. १८५८ साली तिकडून उत्तर आलं की, सरकारी शाळा सगळ्यांसाठी खुल्या आहेत.

मी विजयी मुद्रेने मुलांकडे पाहिलं. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "आजी, तोवर तो केवढा झाला असेल?"

इतकी वर्षं शिकवलं, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. निकाल यायला दोन वर्षं लागतात, आणि मूल काही तोवर वाढायचं थांबत नाही.

त्याच आठवड्यात पेपरात बातमी आली. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याप्रमाणे खाजगी शाळांनी पहिल्या वर्गातल्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घरातल्या मुलांना द्यायच्या. राज्य सरकारने ९ फेब्रुवारी २०२४ ला नियम बदलला. खाजगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खाजगी शाळेला ही सक्ती नाही. बातमी मी मुलांना वाचून दाखवली. त्या मुलीचा भाऊ सहा वर्षांचा होता, त्याचा फॉर्म यंदा भरायचा होता.

ती म्हणाली, "म्हणजे आमची शाळा जवळ आहे म्हणून त्याला तिकडे घेणार नाहीत?" आणि जरा थांबून, "मग आमची शाळा वाईट आहे का, आजी?"

काय सांगणार? नाही म्हणावं, तर भावाला तिकडे पाठवायची धडपड कशासाठी? हो म्हणावं, तर ती रोज जाते ती शाळा काय म्हणून? मी वेळ मारून नेली. म्हटलं, तुमच्या शाळेत काय चांगलं आणि काय कमी, ते सांगा बरं. मुलं सुरू झाली. पुस्तकं फुकट मिळतात, खिचडी मिळते, गणिताच्या मॅडम छान आहेत. आणि मग एकजण म्हणाला, "गोष्टींच्या पुस्तकांचं कपाट आहे. पण कुलूप असतं."

मंडळी, मला चटका बसला. कारण मी नोकरीत असताना तसल्याच एका कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये असायची. आठवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत येऊन म्हणायचा, "बाई, एक पुस्तक द्या ना." मी म्हणायचे, "फाडशील. परीक्षा झाल्यावर बघू." वर्षाअखेरीच्या तपासणीत पुस्तकं कमी भरली तर पगारातून जातील, ही भीती. परीक्षेआधीच तो शाळा सोडून वीटभट्टीवर गेला. आणि त्याच वर्षी त्याच वर्गाला मी सावित्रीबाई आणि जोतिरावांचा धडा शिकवला होता. भिडे वाड्यातली १८४८ ची शाळा. जोतिरावांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेचा १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आलेला निबंध. सगळं फळ्यावर लिहून दिलं होतं, सनावळीसकट!

दुसऱ्या दिवशी मी शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट काढलं. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असलं पाहिजे, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकं असली पाहिजेत, असं त्यात आहे. मुलांना दाखवलं. कायद्यात गोष्टींची पुस्तकं? त्यांचा विश्वासच बसेना. मग ठरलं, मुख्याध्यापकांना अर्ज लिहायचा.

लिहिणं सोपं, सही करणं अवघड. एकीची आई मला लिफ्टपाशी गाठून म्हणाली, "मावशी, पोरीचं नाव नका घालू. नावडती होईल." तिचं काय चुकलं? मी त्या संध्याकाळी मुलांना अमेरिकेतल्या फार्मव्हिलची गोष्ट सांगितली. काळ्या मुलांच्या शाळेत जागा पुरेना म्हणून डांबरी कागदाच्या शेडमध्ये वर्ग भरायचे. १९५१ साली सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने सगळी शाळा संपावर नेली. त्यातून उभा राहिलेला खटला पुढे ब्राउन खटल्यात सामील झाला, आणि १९५४ साली गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरल्या. पुढचंही सांगितलं. मुलं एकत्र बसवायला लागू नयेत म्हणून त्या काउंटीने १९५९ ते १९६४ आपल्या सरकारी शाळाच बंद ठेवल्या. गोष्ट घरोघरी पोचली आणि दुसऱ्या दिवशी आया धास्तावून आल्या, "संपबिंप नको हं!"

मी म्हटलं, सही मी करते. तर सातवीतली ती म्हणाली, "तुम्ही कुठे शाळेत आहात? धारवाडच्या मुलाने स्वतःच केला ना अर्ज?" अकरा जणांनी सह्या केल्या. मी फक्त शुद्धलेखन सुधारलं. शेवटचं वाक्य तसंच ठेवलं: 'आम्ही पुस्तके फाडणार नाही. फाटले तर चिकटवून देऊ.'

मुख्याध्यापकांनी मुलांना बोलावलं. रागावले नाहीत. वाटप कोण बघणार, नोंद कोण ठेवणार, हीच त्यांची अडचण होती. माझ्या वेळची माझी भीती मला आठवली. मुलं म्हणाली, आम्ही ठेवू. आता दर शनिवारी कपाट उघडतं आणि दोघं वही घेऊन बसतात.

आणि त्या नियमाचं काय झालं? मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ ला तो नियम रद्दच केला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. मुलांनी पार्किंगमध्ये टाळ्या वाजवल्या. पण त्या भावाला खाजगी शाळा काही मिळाली नाही. राहण्याचा पुरावा म्हणून नोंदणी केलेला भाडेकरार लागतो, आणि पत्र्याच्या खोलीचा करार नोंदवून द्यायला मालक तयार नव्हता. १८५६ ला पाटी आड आली होती, आता कागद आडवा आला. तो बहिणीच्याच शाळेत जातो. शनिवारी पुस्तक घेऊन येतो आणि चित्रं बघून मलाच गोष्ट सांगतो, छापलेली सोडून भलतीच!

जोतिरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात ते सक्तीचं आणि मोफत केलं, आणि १९१९ ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एका शाळेत बसवायचा हुकूम काढला. हे सगळं मी वर्षानुवर्षं 'थोर पुरुषांनी दिलं' असं शिकवलं. कोणीतरी मागत होतं, आणि मागताना घाबरतही होतं, हे शिकवायचं राहून गेलं. ते मला त्या अकरा सह्यांनी शिकवलं.

वीटभट्टीवर गेलेला तो मुलगा आता पंचावन्नच्या पुढे असेल. त्याला द्यायचं पुस्तक राहिलं ते राहिलंच.

असो, फार लांबलं. वाचणाऱ्यांत अजून नोकरीत असलेले शिक्षक असतील, तर एकच सांगणं. सोमवारी शाळेत गेलात की आपल्या पर्समधल्या, खिशातल्या किल्ल्या एकदा बघा.