पोटखराब

परवा शनिवारी पुतण्या टीव्हीसमोर बसला होता. कुनोच्या चित्त्यांवर काहीतरी चालू होतं. मी आपला लॅपटॉप उघडून (हो, शनिवारीसुद्धा!) बिल्ड संपायची वाट बघत होतो. मधेच पठ्ठ्यानं विचारलं, "काका, चित्ते आपल्या भिवंडीत का नाही सोडले?"

"इथं कुठे राहणार ते? गोडाऊनमध्ये?"

तो हसला आणि विषय संपला. माझ्या डोक्यातला मात्र संपेना.

तसा भिवंडी हा चित्त्याचा मुलूखच नव्हे. इथं चार महिने धो धो पाऊस, चिखल आणि भातखाचरं. त्याला लागतं कोरडं, मोकळं माळरान. अख्खं शरीरच पळण्यासाठी बनलेलं. नखं इतर मांजरांसारखी पूर्ण आत जात नाहीत, फुटबॉलच्या बुटांच्या खिळ्यांसारखी जमीन पकडतात. वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास, पण टिकतो काहीशे मीटरच. मग हा धापा टाकत बसतो आणि तेवढ्यात तरस येऊन शिकार पळवतो! सिंह-तरसांची कटकट टाळायला बिचारा बहुतेक शिकार दिवसाढवळ्या करतो. डरकाळीही फोडता येत नाही, मांजरासारखं घुर्र घुर्र करतो. थोडक्यात, एकाच फीचरसाठी ऑप्टिमाइझ केलेलं सॉफ्टवेअर. प्लॅटफॉर्म बदलला की क्रॅश.

गंमत म्हणजे आफ्रिकेतल्या या प्राण्याचं इंग्रजी नाव आपल्याकडूनच गेलंय. आपल्याकडे चित्ते होते, राजेरजवाड्यांनी ते शिकारीसाठी पाळले. पण पिंजऱ्यात त्यांची वीण तेव्हा जवळजवळ होतच नसे, त्यामुळे दरवेळी रानातून नवे धरून आणायचे. विसाव्या शतकात इथले सापडेनासे झाले, तेव्हा आपल्या कोल्हापूर संस्थानानं चक्क आफ्रिकेतून चित्ते मागवले, काळविटांच्या शिकारीसाठी. म्हणजे २०२२ साली नामिबियाहून आलेले आठ आणि २०२३ साली दक्षिण आफ्रिकेहून आलेले बारा चित्ते काही पहिले पाहुणे नव्हेत. भारतातला चित्ता नामशेष झाल्याचं १९५२ साली जाहीर झालं. शिकार हे कारण आहेच, पण पायाखालचं माळरानही गेलं होतं.

आता जगात रानटी चित्ते उरलेत साधारण ७,०००. आणि मला नवीन कळलं ते हे, की नामिबियातले बहुतेक चित्ते अभयारण्यात नाहीत, शेतकऱ्यांच्या खाजगी कुरणांवर राहतात. पूर्वी शेळ्या-वासरं खातो म्हणून शेतकरी त्याला सर्रास गोळी घालायचे. मग १९९४ पासून तिथल्या एका संस्थेनं शेतकऱ्यांना राखणीचे दांडगे कुत्रे द्यायला सुरुवात केली. कुत्रा भुंकला की चित्ता काढता पाय घेतो. शेळी वाचते, चित्ताही वाचतो. म्हणजे तिथे चित्त्याचं भवितव्य सरकारइतकंच कुणातरी सातबारावाल्याच्या हातात आहे.

आणि इथं मी जरा गप्प झालो. कारण एक सातबारा आमच्याही घरी आहे.

गावाकडे आमचा वरकस जमिनीचा एक तुकडा आहे. भात होत नाही, नुसता माळ. सातबाऱ्यावर त्यातला बराचसा भाग 'पोटखराब' म्हणून लागलाय. दिवाळीच्या आधीपासून एक एजंट मागे लागलाय, गोडाऊनसाठी हवी म्हणून. दर चांगला देतोय. मी बाबांना फोनवर बिनधास्त सांगून टाकलं होतं, "द्या की विकून, पडीकच तर आहे."

बाबा म्हणाले होते, "पडीक कुठं रे? गवत होतं की."

तेव्हा मला हसू आलं होतं. खरं तर आमच्या आजोबांच्या वेळेला याच गवताचे भारे मुंबईच्या तबेल्यांना जायचे. उन्हाळ्यात तिथेच खड्यांमध्ये टिटवी अंडी घालते आणि जवळ गेलं की डोक्यावर ओरडत घिरट्या घालते. लहानपणी मी तिथे ससे पाहिलेत, एकदा घोरपडही. चित्ता नसेल, पण ज्याच्यावर काही पिकत नाही ते सगळं 'खराब', हा हिशोब तोच. सरकारी पडीक जमिनींच्या नकाशातही माळरानांचे मोठाले पट्टे याच खात्यात जातात. जंगल तोडलं तर निदान आरडाओरडा होतो. गवत गेलेलं कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून विकायची नाही, असं ठणकावून सांगावं तर तेही जमत नाहीये. होम लोनचे हप्ते आहेत. शिवाय आठवड्यातून दोनदा माझ्या दारात येणारं पार्सल अशाच कुठल्यातरी गोडाऊनमधून येतं. साधूपणाचा आव कुठल्या तोंडानं आणू?

असो. काल बाबांना फोन केला. म्हटलं, एजंटला महिनाभर थांबायला सांगा. येत्या रविवारी पुतण्याला घेऊन येतो, आपण तिघं माळावर जाऊन येऊ.

"उन्हातान्हात कशाला?" बाबा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "सकाळी लवकर या. टिटव्या बघायला मिळतील पोराला."