लाल हापसा, हिरवा हापसा

जगाच्या एखाद्या मोठ्या दुखण्याबद्दल वाचायला बसलं की आपण आधी खलनायक शोधतो. तो सापडला की विषय समजला म्हणायचं आणि पान उलटायचं. ही खोड मोडायला बांगलादेशातल्या हापशांइतकं चांगलं औषध नाही.

तिथली खेडी तळ्यांचं, नदीचं पाणी पीत. हगवणीनं, पटकीनं पोरं दगावत. म्हणून १९७० च्या दशकात युनिसेफ आणि सरकारनं गावोगाव हापसे बसवले. जंतू वरच्या पाण्यात असतात, खालून उपसा; हिशेब चुकीचा नव्हता. पुढे लोकांनी पदरमोड करून दारात हापसे घेतले.

मग छातीवर काळपट ठिपके दिसू लागले, तळहातांना खरखरीत गाठी आल्या. कुणाला तो महारोग वाटला. कोलकात्याचे डॉ. के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालच्या रुग्णांत ही आर्सेनिकची बाधा १९८३ मध्येच ओळखली होती. बांगलादेशच्या हापशांत ते सापडायला १९९३ उजाडलं.

हे विष कुणी कालवलेलं नव्हतं. हिमालयातून वाहून आलेल्या गाळात ते लोहाच्या कणांना चिकटलेलं असतं. प्राणवायू संपलेल्या थरात सुटून पाण्यात उतरतं. रंग नाही, चव नाही. एका दारच्या हापशात असतं, शेजारच्याच्यात नसतं.

पाणी कुणी तपासलं नव्हतं का? तपासलं होतं. १९९२ मध्ये ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेनं तपासणी केली, पण आर्सेनिकची नाही. त्यावरून लंडनमध्ये खटला झाला. २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं तो फेटाळला. कायद्यानं ते बरोबर असेलही. माझी नजर मात्र त्या तपासणीच्या तक्त्यावरच अडते. त्यातला एकही आकडा खोटा नसावा. फक्त एक रकाना आखलेलाच नव्हता.

पुढे सुमारे ५० लाख हापसे तपासले गेले. विषारी तोटीला लाल रंग, बाकीच्यांना हिरवा. (लाल हापशाचं पाणी धुण्याभांड्याला चालतं.) पण हिरवा म्हणजे तरी काय? बांगलादेशची मर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १०. ती १० वर आणा, असं इथं बसून म्हणणं सोपं आहे. मग कितीतरी हिरव्या तोट्या एका रात्रीत लाल होतील, आणि कळशी घेतलेली बाई जवळच्या तळ्याकडे वळेल. तिथले हगवणीचे जंतू काही गेलेले नाहीत.