धुऱ्यावरचा निवडुंग

वैशाखात वडनेर भोलजीच्या शिवारातली काळी जमीन भेगाळते. पऱ्हाट्या उपटून नेलेल्या असतात, नजर अडावी असं काही उरत नाही. मलकापूर-नांदुरा रस्त्यावरच्या ट्रकांची घरघर पार वावरात येते. अशा दिवसांत धुऱ्यावरचा त्रिधारी निवडुंग तेवढा हिरवा. पानांचं काम त्याने खोडावर घेतलं आणि पाणीही तिथेच साठवलं. या हिरवेपणाचं अप्रूप मला अजून सरलेलं नाही.

पोर्तो रिको, व्हर्जिन बेटं आणि आसपासच्या कॅरिबियन बेटांवर पिलोसोसेरियस रोयेनी नावाचा एक कॅक्टस वाढतो. आठ मीटरपर्यंत चढणारे निळसर, कंगोरेदार खांब, फुलं येतात तिथे पांढरी लोकर. लिनियसने 1753 मध्ये त्याची नोंद केली. चित्रात पाहिला तर तो आमच्या धुऱ्यावरच्याचा सख्खा भाऊ वाटतो. प्रत्यक्षात दोघांचं गोत्र वेगळं. तो खरा कॅक्टस, अमेरिकेकडचा. आपला एरंडाच्या कुळातला. आपल्याची फांदी मोडली की दुधासारखा चीक वाहतो, त्याला असा चीक नाही. तरीही उन्हाने दोघांना एकच घडण दिली, आणि दिवसा रंध्रं मिटून रात्रीच्या गारव्यात उघडायची रीतही एकच शिकवली. कुणी कुणाचं पाहून केलेलं नाही, हे मला फार मोठं वाटतं.

त्या कॅक्टसची फुलं रात्री उमलतात, वटवाघळांसाठी घडलेली. पण पोर्तो रिकोतल्या फुलांवर अभ्यासकांनी पाळत ठेवली, तेव्हा वटवाघळं फिरकलीच नाहीत. फळ धरलं ते भुंग्यांमुळे. आपल्या घरांच्या वाशांना भोकं पाडतात, त्याच गोतावळ्यातल्या भुंग्यांमुळे. ज्याची वाट पाहिली तो आला नाही, दुसऱ्याने काम केलं, आणि झाड टिकलं.

आपल्या निवडुंगाच्या भावकीतल्या थोराचा चीक आयुर्वेदात क्षारसूत्र या औषधी दोऱ्यासाठी लागतो. डोळ्यात गेला तर मात्र घातक, म्हणून मुलांना जपावं लागतं. तेवढ्यासाठी निवडुंग समूळ उपटू नये. तारेचं कुंपण घालायचं असेल तर जरूर घाला, पण धुऱ्याच्या एका टोकाला निवडुंगाचं एक बेट राहू द्या. तोडलेली फांदी चार-आठ दिवस सावलीत सुकवून पुरली तरी ती धरते, आणि पुढे पाणी मागत नाही.