छोट्या पंख्याचा आवाज आणि आईंचं सामायिक



सामायिकाबद्दल या आधी लिहिलं आहे. आज त्यात अडथळा आणणाऱ्या एका चार सेंटिमीटरच्या पंख्याबद्दल लिहिते. ज्यांच्या घरी जुना कॉम्प्युटर आहे आणि घर लहान आहे, त्यांना उपयोग होईल.

बोरिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात ह्यांचं हिशेबाचं टेबल आणि आईंचा पाट एकाच खोलीत. जुलै महिना म्हणजे ह्यांच्या कामाची घाई आणि त्याच सुमाराला चातुर्मासाची सुरुवात. संध्याकाळी कॉम्प्युटर बंद ठेवणं जमत नाही. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, कानात यंत्र घालतात. त्यातून बारीक, चिरका आवाज जास्तच टोचतो. यंत्र काढावं, तर मी म्हणत असलेला पाठ ऐकू येत नाही. त्यांना आता वाचताही येत नाही, त्यामुळे पाठ ऐकणं हाच त्यांचा आधार.

आई म्हणायच्या, “आवाजावर कशाला रागवायचं? समता शिकायची ती तिथंच.” त्यांचं म्हणणं खरं आहे, पण ते बसणाऱ्यासाठी. बाकीच्यांचं कर्तव्य वेगळं. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात सामायिकासाठी एकांताची, विक्षेप नसलेली जागा सांगितली आहे, मग ते वन असो, घर असो की चैत्यालय. ४८ मिनिटांसाठी पोदनपूरच्या तीन मूर्तींपाशी जाणं आईंच्या गुडघ्यांना रोज झेपणार नाही. तेव्हा घरातच तशी जागा करून देणं आमच्याकडे आलं.

आवाज कुठून येतो, ते भाच्यानं शोधलं. कॉम्प्युटरमध्ये पंखे बरेच असतात, पण किरकिरत होता तो मदरबोर्डवरचा सगळ्यात लहान. त्याच्याखाली चिपसेट असतो. प्रोसेसरला हार्ड डिस्क, यूएसबी वगैरेंशी जोडणारी ही चिप. २००५ च्या आसपासच्या एनफोर्स ४ चिपसेटच्या अनेक बोर्डांवर असे पंखे होते. २०१९ मध्ये एक्स५७० बोर्डांवर ते पुन्हा आले आणि २०२१ मध्ये एक्स५७०एस नावानं बिनपंख्याचे बोर्ड निघाले.

लहान पंख्याला पुरेशी हवा ढकलायला फार वेगानं फिरावं लागतं, म्हणून त्याचा आवाज चिरका. त्यात धूळ बसते, आतलं वंगण सुकतं, आस झिजतो, मग किरकिर सुरू होते. नवा तसाच पंखा बसवला तरी काही वर्षांनी पुन्हा तेच. त्याऐवजी उंच पात्यांचा धातूचा हीटसिंक बसवता येतो. त्यात फिरणारं काहीच नाही. पाती उष्णता पसरवतात आणि आसपासची हवा ती घेऊन जाते.

भाच्यानं ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून तो आणला. जाण्यापूर्वी दोन मापं घेतली होती: चिपसेटशेजारच्या दोन भोकांमधलं अंतर आणि वर ग्राफिक्स कार्डापर्यंत उरणारी उंची. ही मापं नसतील तर फेरी फुकट जाते.

उघडण्याआधीचं काम माझं. पावसाळ्यात उबेला मुंग्या, कोळी आत शिरतात. ब्लोअर मारला तर ते जीव कुठं जातील? म्हणून प्लग काढून, मऊ ब्रशनं हळूहळू सगळं पाहून घेतलं. दोन कोळी कागदावर घेऊन गॅलरीतल्या कुंडीत सोडले. मग भाच्यानं बोर्ड बाहेर काढला, मागून पिना दाबल्या आणि जुना हीटसिंक ओढून न काढता हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवला. खालची पेस्ट वाळून घट्ट झालेली असते. जोर लावला तर चिपचा कोपरा तुटतो आणि बोर्डच जातो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली, नवा हीटसिंक सरळ दाबून बसवला.

काही बोर्ड हा पंखा फिरत नाही असं दिसलं की सुरू होताना इशारा देतात. आमच्यानंही दिला. बायोसमध्ये त्या पंख्यावरची देखरेख बंद केली. मात्र बिनपंख्याच्या हीटसिंकला पेटीतली हवा खेळती लागते. म्हणून मागचा १२० मिलिमीटरचा मोठा पंखा संथ गतीनं चालू ठेवला आहे आणि पेटी भिंतीपासून वीतभर पुढे ओढली आहे. पहिले काही दिवस ह्यांनी तापमानावर लक्ष ठेवलं. थोडं वाढलं, पण चिंतेचं नव्हतं.

यानं हिंसा थांबली, असं मी म्हणणार नाही. प्रोसेसरचा पंखा आहेच, डोक्यावरचाही आहे, वायुकायिक जीवांची विराधना होतेच. पण जिथं एक पंखा टळतो तिथं टाळावा, एवढं आपल्या हातात आहे. शिवाय चालता कॉम्प्युटर भंगारात जाऊन नवा घरात आला नाही. परिग्रह एकानं वाढला नाही, हेही कमी नाही.

आता आई यंत्र कानात ठेवूनच बसतात. परवा पाठात माझी एक ओळ सुटली, तर त्यांनी लगेच हात वर केला. किती दिवसांनी त्यांनी मला असं थांबवलं!