स्वरांचा पोळपाट

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग पुष्कळ. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या या मागांचा खडखडाट कानांच्या इतका अंगवळणी पडतो, की माग थांबला म्हणजेच माणसे दचकतात. मात्र जन्मभर त्या आवाजात उभे राहणाऱ्याच्या कानांना त्याचे मोल द्यावे लागते. प्रथम हरपतात ते बारीक, उंच स्वर. तेथल्या एका घरातील आजोबांना चिमण्यांची चिवचिव आणि सायकलीची घंटा ऐकू येईनाशी झाली होती. ढोलाचा आवाज तेवढा पोहोचत असे. आठवीत शिकणाऱ्या त्यांच्या नातीने मनाशी ठरविले होते, की आपण विजेतून निर्माण केलेला स्वर आजोबांनी ऐकलाच पाहिजे.

तिच्यापुढे शेकडो बारीक भोकांची एक पांढरी पाटी होती. तिला 'ब्रेडबोर्ड' म्हणतात. पूर्वी रेडिओचे हौशी लोक पाव कापण्याच्या लाकडी फळीवर खिळे ठोकून तारा जोडीत, त्यावरून हे नाव पडले. हा छंद आपल्याकडे निघाला असता, तर त्याला पोळपाटच म्हटले असते! पाटीच्या पोटात धातूच्या पट्ट्या असतात. त्यांनी मधली भोके पाच-पाच करून आडवी जोडलेली असतात, तर कडेच्या लांब रांगा उभ्या. जणू ताणा आणि बाणाच. डाख न देता तार खोवावी आणि चुकली तर उपसावी.

स्वर निर्माण होतो तो असा. कपॅसिटर ही विजेची घागर. रेझिस्टरमधून वीज तिच्यात संथपणे येते. ५५५ क्रमांकाची चिप घागर दोन-तृतीयांश भरली की ती ओतू लागते आणि एक-तृतीयांश उरली की पुन्हा भरू देते. प्रत्येक भरण्या-ओतण्यासरशी स्पीकरचा पडदा एकदा हलतो. हान्स कामेनझिंड यांनी रचलेली ही चिप १९७२ साली बाजारात आली. त्याआधीच, १९६४ साली, अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी विजेच्या आंदोलनांतून स्वर घडविणारा सिंथेसायझर तयार केला होता. तसा एक १९६९ साली अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये आला आणि संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तेथे त्याची मांडणी करून दिली.

नातीने बॅटरी जोडली. आवाज नाही! तिने सारे उपसून पुन्हा मांडले, तिसऱ्यांदाही मांडले. पाटी मुकीच.

आजोबा खुणेनेच समजले. म्हणाले, "अगं, धागा तुटला म्हणून कोणी सगळा ताणा उपसतं का? जिथून धागा निघतो, तिथून हात फिरवत ये."

मागदुरुस्ती करणाऱ्या शेजारच्या काकांकडून तिने मीटर आणला. बॅटरीपाशी ९ व्होल्ट, कडेच्या रांगेच्या आरंभी ९ व्होल्ट, मध्यापलीकडे शून्य. लांब पाटीवरील ही रांग पुष्कळदा मध्येच तुटलेली असते. वरून मात्र ती सलग दिसते. तिने तारेचा छोटा तुकडा घालून दोन्ही भाग सांधले. तत्क्षणी कानात सुई जावी तशी किंकाळी उठली. तिने कान झाकले. आजोबा शांतपणे म्हणाले, "अजून नाही का जमलं?"

तिचा चेहरा पडला. पण हिशेब तिला खटकू लागला. १,००० आणि १०,००० ओहमचे रेझिस्टर, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. तेव्हा पडदा सेकंदाला सुमारे ६८५ वेळा हलावयास हवा. ही किंकाळी त्याहून किती तरी उंच होती. आता ती काही उपसावयास धावली नाही. रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे तिने एकेक करून वाचले. ते बरोबर होते. शेवटी डाळीच्या दाण्याएवढ्या कपॅसिटरवर भिंग धरले. त्यावर १०३ छापले होते. हवा होता १०४. या आकड्यांतला शेवटचा अंक पुढे किती शून्ये द्यावयाची ते सांगतो. म्हणजे घागर दहापट लहान होती आणि दहापट वेगाने भरत होती!

तिने कपॅसिटर बदलला. दुसऱ्या रेझिस्टरला जोडून १,००,००० ओहमची फिरती कळही बसविली.

आजोबांनी मान वर केली. "लांब कुठं कोण शीळ घालतंय?"

तिने कळ हळूहळू फिरविली. स्वर खाली उतरत गेला, जाड झाला, घुमू लागला. आजोबा उठून जवळ आले आणि त्यांनी स्पीकरच्या काठावर बोटे टेकविली.

"थांब," ते म्हणाले, "इथंच राहू दे. आमच्या जुन्या मागाची मोटार अशीच घुमायची."

कळ जेथे थांबली होती, तेथे तिने पेन्सिलीने खूण केली.